डॅशबोर्डवरचा दिवा लागला, आता काय? : इंजिन आणि कूलंटच्या तक्रारी ओळखायची पद्धत

गाडीत बसा, चावी ‘ऑन’वर आणा, पण सेल्फ मारू नका. बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता नुसतं बटण दाबा (काही गाड्यांत दोनदा). डॅशबोर्डवर एकदम दहा-बारा दिवे लागतील. त्यातले तीन शोधा: तोटीतून थेंब पडणारी तेलाची लाल झारी, लाल बॅटरी आणि इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. आता इंजिन चालू करा. तिन्ही दिवे दोन-चार सेकंदांत विझायला हवेत.

ही अर्ध्या मिनिटाची तपासणी बहुतेक जण कधीच करत नाहीत, आणि जुनी गाडी घेताना तर ती हमखास राहून जाते. चावी ऑन करूनही पिवळा इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर ‘चला, गाडी निर्दोष आहे’ असं समजू नका. दिवा उडालेला असेल, नाहीतर विकणाऱ्याने तो मुद्दाम काढलेला असेल. लागून राहिलेला दिवा निदान खरं बोलतो, हा तेवढंही करत नाही.

झारी आणि बॅटरी इंजिन बंद असताना का लागतात, हेही एकदा समजून घ्या. इंजिन फिरत नाही म्हणजे ऑइलला दाब नाही आणि अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. दिवे तेव्हाही खरी परिस्थितीच सांगत असतात. तीच परिस्थिती धावत्या गाडीत आली की तेच दिवे लागतात.

चित्रं सगळ्या गाड्यांत जवळपास सारखीच असतात, कारण ती आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकातून घेतलेली आहेत. रंगांचा अर्थ सिग्नलसारखा. लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण दाखवून घ्या. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. याला एकच महत्त्वाचा अपवाद: लुकलुकणारा पिवळा इंजिनचा दिवा लालइतकाच गंभीर धरायचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी लिहून ठेवा, मग हात लावा

दिवा कुठला भाग बिघडलाय ते सांगत नाही. कुठे बघायचं एवढंच तो सांगतो. बाकीचं उत्तर दिवा लागला तेव्हा गाडी काय करत होती, यात असतं, आणि ते तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नसतं. मेकॅनिककडे गाडी पोचते तेव्हा ती गार झालेली असते, दिवा विझलेला असतो आणि ‘कधीतरी लागतो हो’ एवढंच सांगितलं जातं. मग तो बिचारा अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतो आणि पैसे तुमचे जातात.

म्हणून गाडी सुरक्षित थांबवल्यावर पहिलं काम म्हणजे डॅशबोर्डचा फोटो. त्यात दिवे, काटा आणि किलोमीटर तिन्ही येऊ द्या. मग फोनमध्येच चार ओळी खरडा: इंजिन चालू करून किती वेळ झाला होता, वेग काय होता, चढ होता की ट्रॅफिक, एसी चालू होता का, कसला वास किंवा आवाज आला का. आदल्या दिवसात वेगळं काय घडलं तेही लिहा. नुकतंच इंधन भरलं, बोनेट उघडून आत पाण्याचा फवारा मारला, बॅटरी बदलली, सर्व्हिसिंग झालं. फवाऱ्याची गोष्ट लोक हमखास विसरतात. दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही, आणि कारण असतं स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलेलं पाणी.

लाल झारी: इथे विचार करायला वेळ नाही

ऑइलचा लाल दिवा धावत्या गाडीत लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या चौकापर्यंत नाही, पंपापर्यंतही नाही. हा दिवा दाब बघतो, पातळी नाही. गरम झालेल्या इंजिनात, गाडी नुसती उभी असतानाही, ऑइलचा दाब साधारण १ बारच्या आसपास असतो. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत त्याच्या निम्म्याहून खाली गेल्यावर लागतो. म्हणजे दिवा दिसला तेव्हा बेअरिंगवरची ऑइलची पातळ फिल्म संपत आलेली असते. त्यानंतरची दोन-तीन मिनिटं इंजिन सीझ व्हायला, म्हणजे आतून जाम व्हायला, पुरतात.

सपाट जागी दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा, पुसा, परत घालून काढा. दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचं अंतर असतं. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल घाला आणि इंजिन चालू करून बघा. दिवा लगेच विझला नाही तर परत बंद करा आणि टो करून न्या. पातळी ठीक असूनही दिवा लागला असेल, तर स्विच खराब असू शकतो, पंप किंवा घासलेलं बेअरिंगही असू शकतं. ‘स्विचच असेल’ असा निकाल रस्त्यावर उभं राहून देऊ नका. मेकॅनिक स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून पाच मिनिटांत खरं काय ते सांगतो.

वळणावरच दिवा चमकून गेला तर बहुधा ऑइल कमी आहे, तळातलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. इंजिन तापल्यावर नुसतं उभं असताना दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दिला की जातो, तर ऑइल फार पातळ झालंय किंवा आतली झीज झालीय. डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखं काही दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. ते इंजिन पुन्हा चालूच करायचं नाही.

काही गाड्यांत पिवळी झारीही असते. ती बहुधा फक्त पातळी कमी असल्याचं सांगते.

तापमानाचा लाल दिवा

लाटांमध्ये उभा थर्मामीटर, असं हे चित्र. हा लागला किंवा काटा ‘एच’कडे सरकला, तर क्रमाने असं करा.

एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात ठेवा. गाडीत तुम्ही भाजून निघाल, खिडक्या उघडा, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा दुसरा छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनची बरीच उष्णता बाहेर काढतो. जागा मिळताच गाडी थांबवा. वाफ दिसत असेल किंवा लाल दिवा तसाच असेल तर इंजिन लगेच बंद करा. बोनेटचा खटका आतून ओढून ठेवा, पण वाफ येत असेपर्यंत झाकण उचलू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवत आत फिरणाऱ्या द्रवाच्या) बाटलीचं झाकण उघडू नका. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण आत साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच मिश्रण जवळपास १२९ अंशांपर्यंत द्रवच राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून अंगावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी होज हाताने सहज दाबता आला आणि चटका बसला नाही, की झाकणावर जाड फडका टाकून, तोंड लांब ठेवून, पाव फेरी फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पूर्ण काढा.

कूलंट जवळ नसेल तर साधं पाणी घाला, तेवढ्यापुरतं चालतं. मात्र इंजिन निवलेलं हवं आणि पाणी हळूहळू ओतायचं. तापलेल्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणात) थंडगार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण शिकलो ते मार खाऊन. एका लांब चढावर माझ्या गाडीचा लाल दिवा लागला आणि काटा वर टेकला. थांबायला जागा शोधत होतो, तेवढ्यात काटा सरसर खाली आला आणि दिवाही विझला. मला हायसं वाटलं. चढ संपला, गाडी थंड झाली, असा हिशेब करून मी आणखी सात-आठ किलोमीटर गाडी हाणली. प्रत्यक्षात खालचा होज फाटला होता आणि कूलंट मागे रस्त्यावर सांडत गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगणार. पाणीच संपल्यावर तो कोरडा लटकून कमी आकडा दाखवत बसला. हेड वाकलं, हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं. मेकॅनिकने हेडवर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून पलीकडचा उजेड दाखवला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: काटा वर गेल्यानंतर अचानक खाली आला आणि त्याच वेळी हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर गाडी निवलेली नाही, कूलंट गेलंय. तिथल्या तिथे इंजिन बंद.

काट्यावर तसाही फार विसंबू नका. कित्येक नव्या गाड्यांत तो मुद्दामच मधोमध धरून ठेवलेला असतो. आतलं तापमान पंधरा-वीस अंश इकडचं तिकडे झालं तरी तो ढिम्म हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरा आकडा हवा असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र, लागतो.

कधी तापते, त्यावरून का तापते ते कळतं

इथे तुमच्या चार ओळी कामाला येतात.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर. वेगात समोरून वारा लागतो, तेव्हा फॅनची गरज नसते. उभ्या गाडीत सगळी भिस्त त्याच्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, इलेक्ट्रिक फॅन असलेल्या बहुतेक गाड्यांत तो थोड्या वेळात फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग रिले (विजेवर चालणारा स्विच). बोनेटखालच्या डब्यात फॅनच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असेल (उदाहरणार्थ हॉर्नचा), तर त्याच्याशी अदलाबदल करून बघा. फॅन फिरला तर रिले खराब. तरीही नाही फिरला तर मोटर, वायरिंग किंवा सेन्सर, आणि ते काम मेकॅनिकचं. काम करताना हात आणि सैल बाह्या पंख्यापासून लांब ठेवा. गरम इंजिनात हा फॅन चावी काढल्यावरही आपणहून सुरू होतो.

उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून किडे-मातीने भरलाय, कूलंट कमी आहे, वॉटर पंपची पाती झिजलीत, किंवा वेगात पंप ओढायला लागला की खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो. रेडिएटरच्या जाळीत टॉर्चचा झोत टाकून बघा, पलीकडचा उजेड किती ठिकाणी अडतो ते लगेच दिसतं.

चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्या. हा मेणाच्या गोळीवर चालणारा साधा व्हॉल्व्ह. गाडीप्रमाणे ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतो. तपासायला हात पुरतो. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि वरच्या होजला अधूनमधून हात लावा. काही मिनिटं तो कोमटच राहायला हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. काटा वर चढतोय आणि होज मात्र थंड, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये. होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू तापत गेला, तर तो उघडाच अडकलाय. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे बसवलेला असतो, तिथे खालचा होज बघावा लागतो.)

थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, कटकट नको, असं सुचवणारे मेकॅनिक भेटतील. नको म्हणा. गाडी तापायची थांबेल कदाचित, पण इंजिन कायम थंड चालेल, कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहील, ऑइलमध्ये गाळ साचेल. वर पी०१२८ हा कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) येऊन पिवळा दिवा लागेल, त्याचा अर्थच ‘कूलंट हवं तितकं गरम होत नाही’ असा आहे. निळा थर्मामीटर असलेल्या गाड्यांत तो नेहमी सुरुवातीची काही मिनिटं दिसतो. तोवर इंजिन ताणू नका एवढंच. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तो विझत नसेल, तर हाच उघडा अडकलेला थर्मोस्टॅट शोधा.

कूलंट कमी होतंय, पण जातंय कुठे?

बंद यंत्रणेतलं कूलंट ऑइलसारखं खर्च होत नाही. बाटलीवरच्या कमाल आणि किमान रेघांमधली पातळी, थंड इंजिनावर बघितली तर, महिनोन्महिने जवळपास तशीच राहायला हवी. दर पंधरा दिवसांनी थोडं घालावं लागतंय म्हणजे गळती आहे. बाटलीतल्या फ्लोटमुळे (पातळी बघणाऱ्या तरंगत्या तुकड्यामुळे) चढावर किंवा वळणावर पातळीचा दिवा क्षणभर लागला, तरी पातळी किमान रेघेच्या आसपास आली असं समजा.

बाहेरची गळती आधी शोधा, ती स्वस्तात सुटते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा. एसीचं पाणी नितळ आणि बिनवासाचं असतं, कूलंट रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं. गरम इंजिनावर ते सांडल्या सांडल्या वाळतं, म्हणून थेंब न शोधता डाग शोधा: होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर, वॉटर पंपच्या खाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाझर लागतो आणि खाली ओघळ वाळलेला दिसतो. पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून चिकट वाफ आणि गोड वास, हे तिन्ही एकत्र आलं तर हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा तोच छोटा रेडिएटर, फुटलाय.

बाहेर काहीच सापडलं नाही तर आतली गळती, म्हणजे बहुतेक वेळा हेड गॅस्केट. खुणा अशा: इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा दाट पांढरा धूर, बाटलीत सतत येणारे बुडबुडे, थंड इंजिन चालू करून दोन मिनिटं होत नाहीत तोच दगडासारखा कडक झालेला वरचा होज, सकाळी चालू करताना काही क्षण एक सिलिंडर मिसिंग. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ प्रत्येक गाडीला येते. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, असं असेल तर छोट्या फेऱ्यांमुळे साचलेला दमट थर असू शकतो.

खात्री करायला मेकॅनिककडे दोन साध्या चाचण्या असतात. हातपंपाने यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा दहा-पंधरा मिनिटं टिकतो का ते बघतात. दुसऱ्या चाचणीत कूलंटच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचे वायू असतील तर निळा रंग पिवळा पडतो. हेड खोलायला होकार देण्याआधी ही निळी-पिवळी चाचणी माझ्यासमोर करा, असं जरूर सांगा.

पातळी भरताना कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपनी आपल्या मर्जीने देते. आतल्या रसायनांचा प्रकार रंगावरून ठरत नाही, आणि न जुळणारे प्रकार मिसळले तर गंजरोधक गुण जातो, कधी चिखलासारखा गाळही होतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. डब्यावर ते तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे ते वाचा, आणि घालायचंच तर डिस्टिल्ड. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो. ज्यांच्याकडे पाणी कधी गोठत नाही त्यांनीही ते वापरायचं, कारण गंज आणि उकळणं या दोन्हीपासून तेच वाचवतं. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून सांडलेलं लगेच धुवा. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

यंत्रणा रिकामी करून भरली असेल तर आत हवा अडकते. हीटर गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून, हळूहळू भरा. भरल्यावर हीटर कधी गरम, कधी थंड येत असेल किंवा डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखं ऐकू येत असेल, तर हवा अजून आत आहे.

पिवळा इंजिनचा दिवा

स्थिर लागलाय, गाडी नेहमीसारखी चालतेय: घाबरू नका, पण आठवडाभरात स्कॅन करा. लुकलुकतोय: प्लग पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, हळू चालवत गाडी जवळच्या सुरक्षित जागी थांबवा. कन्व्हर्टर हा गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक, तर प्लग सगळ्यात स्वस्तांपैकी.

स्कॅनर स्वतःचा घ्या, असं माझं मत. फोनला ब्लूटूथने जोडायचा साधा स्कॅनरही कोड वाचतो. जोडायचं १६ पिनांचं सॉकेट स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला असतं. अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१पासून ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची) ही सोय बंधनकारक झाली, त्यामुळे मूळ कोड सगळ्या कंपन्यांना सारखेच आहेत.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा अशक्त इंधन पंप यांपैकी काहीही. ऑक्सिजन सेन्सरने फक्त चुगली केलीय, त्यालाच बदलून काय होणार? पी०४५५ म्हणजे इंधनाच्या वाफेची मोठी गळती. आधी टाकीचं झाकण नीट लावा. पी०२१७ म्हणजे इंजिन खरोखर तापलं होतं. पी०४८० फॅनच्या सर्किटचा. पी०११७ आणि पी०११८ कूलंट सेन्सरच्या सर्किटचे. पी०३०० अनेक सिलिंडरचं मिसिंग, पण पी०३०२ म्हणजे नेमकं दुसऱ्या सिलिंडरचं.

पी०३०२ आला तर एक छान युक्ती आहे. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद आणि गार करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. पी०३०२ कायम राहिला तर प्लगची अदलाबदल करून तोच खेळ खेळा, आणि तरीही तो तिथेच चिकटला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा. एकही नवा पार्ट न घेता अर्धं निदान होतं.

कूलंट सेन्सर तपासायची युक्तीही तितकीच सोपी. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचा वायरिंगचा जोड निघालाय किंवा वायर तुटलीय.

नोंद केल्याशिवाय कोड पुसू नका, आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा उद्योग तर अजिबात नको. कोडसोबत कॉम्प्युटरने त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान साठवलेलं असतं, तेही पुसलं जातं. दोष खरंच गेला असेल तर सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपणच विझतो.

बॅटरीच्या दिव्याच्या मागोमाग काटा चढला तर

बॅटरीचा लाल दिवा एकटा लागला तर चार्जिंग बंद. एसी, म्युझिक बंद करून थोडं अंतर गाठता येतं. पण त्याच्यामागून काटाही चढायला लागला, किंवा स्टीअरिंग एकदम जड झालं, तर बहुधा इंजिनाबाहेरचा पट्टा (बेल्ट) तुटलाय. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. पाणी फिरायचं थांबलंय, म्हणजे तुमच्या हातात मोजकी मिनिटं आहेत. थांबा, बोनेट उघडा, पट्टा जागेवर आहे का ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असलेल्या इंजिनात मात्र ही जोडी लागू पडत नाही.

दुरुस्तीनंतर

मेकॅनिकला ‘थर्मोस्टॅट बदला’ असं सांगू नका. ‘तीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो, फॅन एसीवर फिरत नाही’ असं सांगा आणि डॅशबोर्डचा फोटो दाखवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. गाडी घरी आली की थंड इंजिनावर कूलंटच्या पातळीशी बाटलीवर मार्करने रेघ ओढा. पहिले चार-पाच दिवस रोज सकाळी त्या रेघेशी ताडून बघा. एकदाच थोडी खाली गेली तर आतली हवा निघाली, तेवढं भरून टाका. रोज खाली जात राहिली तर गाडी परत न्या, फोटोसकट.